आधी ऐका, मग उघडा

जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातून वेगळा आवाज यायला लागला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. पहिला, "इंजिन उघडूया." दुसरा, "विकून टाक, नवी घे." या दोघांच्याही आधी एक तिसरा उपाय आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि म्हणूनच कदाचित तो कोणी सांगत नाही. तो म्हणजे नीट ऐकणे. गोव्यात आज जितक्या जुन्या बुलेट विनाकारण उघडल्या जातात त्यातल्या बऱ्याच नुसत्या कान देऊन आणि एक फिलर गेज घेऊन वाचल्या असत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुम्ही म्हणाल, सरकारी खात्यातला यूडीसी, शिक्षण बी.ए. मराठी, याला इंजिनातलं काय कळतं? प्रश्न रास्त आहे. पण वडिलांची 1983 सालची बुलेट गेली वीस वर्षं मी चालवतोय, आणि आमच्या फोंड्याकडच्या एका वयस्कर मेस्तच्या गॅरेजात शनिवारच्या शनिवार स्टूल टाकून बसतोय. शिवाय कारकुनीत एक गोष्ट अंगवळणी पडते. फाईल समोर आली की शेवटचं पान वाचून सही ठोकायची नसते, आधीची टिपणं वाचायची असतात. प्रकरण कुठे बिघडलं ते मागच्या पानांत असतं. इंजिनाचंही तसंच. आवाज हे शेवटचं पान.

तर मंडळी, आधी आवाजांची जात ओळखूया. कारण 'नॉकिंग' हा एकच शब्द आपण दहा वेगवेगळ्या आवाजांना लावतो आणि तिथेच गोंधळाला सुरुवात होते.

जुनी बुलेट 350 म्हणजे 70 मिलिमीटर बोअर, 90 मिलिमीटर स्ट्रोक, 346 सीसी, सिलिंडर बिडाचा. मद्रासला 1955 पासून बनायला लागलेल्या या गाडीचं मूळ इंजिन थोड्याफार फरकाने पन्नासेक वर्षं टिकलं. या इंजिनाला गप्प बसायची सवयच नाही. टॅपेटची बारीक टिकटिक उभ्या गाडीवर, थंड इंजिनावरही ऐकू येते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा, शिवणयंत्रासारखी. तिला इलाज सोपा आहे. इंजिन थंड असताना टॅपेटचं झाकण काढायचं. पुशरॉड बोटांनी गोल फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. बस्स. दुसरा आवाज पिस्टनचा. सकाळी किक मारली की ठबठब असा बसका येतो आणि इंजिन तापलं की विरतो. पिस्टन थोडा झिजलाय एवढंच तो सांगतो, उद्याच मरणार आहे असं नव्हे. तिसरा आवाज मात्र गंभीर. खोल, जड, पोटातून आल्यासारखा, प्रत्येक फेऱ्याला एक, आणि गाडीवर भार आला की वाढणारा. हा कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा, म्हणजे बिग एंडचा. तो खात्रीने तोच असेल तर गाडी तिथेच थांबवावी आणि इंजिन उघडावं, त्याला पर्याय नाही.

आणि चौथा आवाज, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो खरा नॉक. पत्र्याच्या डब्यात बारीक खडे घालून हलवल्यासारखा, किंवा खिशातली चिल्लर वाजावी तसा. तो उभ्या गाडीवर सहसा येत नाही. चोर्ला घाट चढताना, मागे माणूस बसलेला असताना, चौथा गिअर तसाच ठेवून तुम्ही मूठ पिळली की येतो. मूठ सोडली की त्याच क्षणी बंद. गिअर खाली टाकला, इंजिनाचे फेरे वाढू दिले, तरीही बंद. झिजलेला लोखंडी भाग असा आज्ञाधारक नसतो. तो मूठ सोडली तरी काही ना काही बोलतच राहतो. म्हणून जो आवाज तुमच्या मनगटाचं ऐकतो, तो बहुतेक वेळा लोखंडाचा नसून आगीचा असतो. ही एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ झालं.

आगीचा म्हणजे कसा? सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि प्लगच्या ठिणगीने पेटतं. ते एका झटक्यात स्फोट पावतं असा आपला समज असतो, पण तसं होत नाही. गवताच्या कुरणाला एका कडेने आग लागावी तशी ज्योत प्लगपासून पसरत दुसऱ्या टोकाला जाते. व्हायला हवं ते एवढंच. पण ज्योत पसरत असताना पलीकडच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं, आणि कधी कधी ज्योत पोचायच्या आतच आपणहून भडकतं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटते. तेच खडे, तीच चिल्लर. थोडा वेळ चालेल, पण रोजचं झालं की पिस्टनचा माथा खरवडला जातो, रिंगा तुटतात, आणि पुढे पिस्टनला भोकही पडतं.

आता टायमिंगचा संबंध. ज्योत पसरायला वेळ लागतो म्हणून ठिणगी पिस्टन अगदी वर पोचायच्या थोडी आधी द्यावी लागते, म्हणजे दाबाचा जोर पिस्टन खाली वळल्यावर, योग्य क्षणी, त्याच्या डोक्यावर येतो. गाणं ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. समेच्या आधी येणारा आघात म्हणजे अनागत, समेनंतर येणारा तो अतीत. इंजिनातली ठिणगी कायम अनागत असते. पण किती आधी, यातच सगळं आलं. फार आधी दिली तर पिस्टन अजून वर चढतोय आणि दाब त्याला खाली रेटतोय अशी कुस्ती होते, तापमान आणि दाब वाढतो, आणि नॉक सुरू होतो. उशिरा दिली तर आवाज नाही, पण ताकदही नाही. पेट्रोल सिलेन्सरच्या पाइपात जळतं, पाइप निळा पडतो, सिलेन्सर फटफट करतो आणि इंजिन नको तितकं तापतं. आणखी एक पेच असा की लय वाढली की अंतरही बदलावं लागतं. मिनिटाला 2000 फेऱ्या असताना एक फेरा 30 मिलिसेकंदांत होतो, 4000 असताना 15 मध्ये. ज्योतीला लागणारा वेळ काही त्याच प्रमाणात निम्मा होत नाही. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी यावी लागते. ज्या गोव्याने एकाच वेळी हातापायांवर वेगवेगळे ताल धरणारे खाप्रुमाम पर्वतकर पाहिले, तिथल्या माणसाला ही गोष्ट अवघड वाटायचं कारण नाही.

जुन्या बुलेटमध्ये हे काम दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात. पॉइंटच्या खाली त्यांचं बिऱ्हाड असतं. फेरे वाढले की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते, फेरे उतरले की स्प्रिंगा त्यांना परत ओढतात. ना संगणक, ना सेन्सर. आणि आपला जुलै महिना या बिऱ्हाडाचा वैरी!

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. माझ्या एका मित्राच्या वडिलांनी 1973 मध्ये घेतलेली बुलेट, त्याने जिवापाड सांभाळलेली. पावसाळाभर गाडी मागच्या पडवीत उभी होती. चवथीला बाहेर काढली तर किक उलटी मारायला लागली आणि बोरीच्या चढावर खडखडाट. त्याने ती एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने एकदा सुरू केली, दोनदा मूठ पिळली आणि निकाल दिला: बोअर गेला, पिस्टन बदला, क्रँकही बघावा लागेल. खर्चाचा आकडा मित्राच्या महिन्याच्या पगाराहून मोठा. त्यापेक्षा वाईट म्हणजे, "नाहीतर मी गिऱ्हाईक देतो" असंही जाता जाता सांगितलं. मित्र विकायच्या गोष्टी करायला लागला. मी म्हटलं, एकदा आमच्या मेस्तना ऐकव.

मेस्त सत्तरीच्या पुढचे. त्यांनी पान्याला हात लावला नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून दोन मिनिटं ऐकलं. मग मित्राच्या मागे बसून चढावर एक फेरी मारून आले. उतरल्यावर विचारलं, "किक उलटी मारता?" मित्र हो म्हणाला. "पयलीं मारताली?" नाही. मेस्त हसले. "गाडी उलो मारता रे, आमीच आयकनात."

उलटी किक आणि चढावरचे खडे ही जोडगोळी एकत्र आली की संशय टायमिंगवर, ठिणगी फार आधी येतेय. पण हा संशय नुसता ठेवून भागत नाही, तो तपासावा लागतो. त्यांनी केलेली तपासणी कोणालाही जमेल म्हणून क्रमाने सांगतो. प्लग काढला. दोन्ही वॉल्व्ह बंद, दोन्ही पुशरॉड सैल, म्हणजे पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर आला याची खात्री केली. प्लगच्या भोकातून सळईने पिस्टनची जागा पाहिली (भोक तिरकं असतं, सळई आत अडकू देऊ नये, आणि त्या वेळी किकला पाय लावू नये). आधी पॉइंटमधली फट मोजली, 0.35 ते 0.40 मिलिमीटरच्या मधे. मग चावी लावून हेडलाइटवरच्या ॲमीटरकडे बघत चाक हळूहळू फिरवलं. पॉइंट मिटलेले असताना काटा किंचित डाव्या बाजूला असतो, उघडतात त्या क्षणी तो मधे येतो. तोच ठिणगीचा क्षण. ॲमीटर बिघडलेला असेल तर पॉइंटच्या मधे सिगारेटचा पातळ कागद धरायचा, तो सुटतो तो क्षण. या गाडीला वजनं मिटलेली असताना तो क्षण पिस्टन वर पोचायच्या साधारण 0.8 मिलिमीटर आधी यायला हवा (तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकातच बघा). मित्राच्या गाडीत तो चार मिलिमीटरच्या आसपास आधी येत होता.

इथे घाईचा माणूस पॉइंटची तबकडी फिरवून टायमिंग मागे घेईल आणि मोकळा होईल. मेस्तनी तसं केलं नाही, आणि त्याचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पॉइंटची टाच तंतूंच्या तुकड्याची असते. ती वापराने झिजते, फट कमी होते आणि पॉइंट उशिरा उघडतात. म्हणजे कोणी हात लावला नाही तर टायमिंग झिजेने मागे जातं, आपणहून पुढे येत नाही. मग इथे पुढे कसं आलं? एकतर कोणीतरी फिरवलं, किंवा वजनं बाहेर गेली ती परत आलीच नाहीत. मित्राने पावसाळ्यात गाडीला हातच लावला नव्हता. म्हणून तबकडी काढली. खाली दमट हवेने गंजलेली वजनं अर्ध्यावर अडकून बसलेली. रॉकेलने धुतली, पिनांना तेलाचा थेंब दिला, बोटाने ढकलून स्प्रिंग परत ओढते का ते पाहिलं. टायमिंग पुन्हा तपासलं तर 0.8 च्या जवळ, जिथे पूर्वी होतं तिथेच. तबकडी फिरवून मागे घेतली असती तर मूळ दुखणं झाकलं गेलं असतं, आणि पुढे कधी वजनं सुटली असती तेव्हा ठिणगी भलतीच उशिरा आली असती.

संध्याकाळी गाडी तोच चढ चौथ्या गिअरमध्ये चढली. खर्च: रॉकेल, तेल आणि मेस्तना आग्रहाने दिलेले पाचशे रुपये.

सगळीच प्रकरणं इतकी स्वस्तात सुटतील असं मी म्हणत नाही. टायमिंग बरोबर असूनही खडे वाजत असतील तर आणखी संशयित आहेत. पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये साचलेला कार्बन हा एक, तो लालभडक होतो आणि जागाही खातो. कार्बुरेटरच्या जोडाला हवा शिरून मिश्रण पातळ झालं हा दुसरा. चोक थोडा ओढून चढावर आवाज कमी झाला तर तिकडे बघा. चुकीच्या उष्णतेचा प्लग हा तिसरा. पण क्रम लक्षात घ्या: फुकटची तपासणी आधी, पैशाची नंतर, आणि जी परत फिरवता येत नाही ती सगळ्यात शेवटी. बिडाचा सिलिंडर एकदा बोअर केला की त्यातलं लोखंड परत येत नाही. उलट टायमिंग केसभर मागे घेऊन पाहायला दहा मिनिटं लागतात. आवाज हलला तर आगीचा, नाही हलला तर लोखंडाचा. इतकी साधी परीक्षा घेतल्याशिवाय जो इंजिन उघडा म्हणतो त्याला आपण नम्रपणे 'नको' म्हणायला शिकलं पाहिजे.

पेट्रोलबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण आजकाल प्रत्येक दुखण्याचं खापर इथेनॉलवर फुटतं. नॉक आणि पेट्रोल यांचं नातं जुनं. 1921 मध्ये अमेरिकेत टॉमस मिजली यांना सापडलं की पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग थोडं मिसळलं की नॉक थांबतो. आवाज थांबला, पण शिसं गाड्यांच्या धुरातून जगभरच्या मुलांच्या रक्तात गेलं. भारतात शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं, आणि जगातल्या गाड्यांसाठी ते पूर्ण थांबायला 2021 साल उजाडलं. आवाज दाबणं आणि आजार बरा करणं यातला फरक याहून कडू उदाहरणाने सांगता येणार नाही.

आताचं 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल नॉक वाढवतं असं सरसकट म्हणणं चूक आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, तेव्हा ताजं पेट्रोल नॉकला उलट रोखतं. त्याचे त्रास वेगळे आहेत. जुने रबरी भाग ते खातं, आणि त्यात प्राणवायू असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जूनमध्ये अर्धी टाकी भरून गाडी पडवीत लावली की सप्टेंबरपर्यंत पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसू शकतात. वर उरलेल्या पेट्रोलातून इथेनॉल गेलं म्हणजे त्याचा ऑक्टेनही गेला. चवथीला अशी गाडी बाहेर काढून खडे वाजले तर दोष इंजिनाचाही नाही आणि पंपाचाही नाही. पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बुरेटर रिकामं करा, एवढंच.

आता थोडं कडू बोलतो. नव्या गाड्यांत टायमिंग संगणक ठरवतो, त्यामुळे चालवणाऱ्याला कान द्यायची गरज उरलेली नाही. ते ठीक, काळ बदलतो. पण जुनी बुलेट हौसेने घ्यायची आणि तिला कानठळ्या बसवणारा सिलेन्सर लावायचा, हे मला अजिबात समजत नाही. कळंगुट-बागाच्या रस्त्यावर रात्री जे फिरतात त्यांचं सोडा, आपली गावातली पोरंही तेच करतात. शेजारच्या म्हाताऱ्यांची झोप जाते हे तर झालंच, पण त्या गोंगाटात स्वतःच्या इंजिनाचा एकही शब्द ऐकू येत नाही. पिस्टन फुटेपर्यंत मालकाला पत्ता नसतो. आणि मग तोच मालक म्हणतो, जुन्या गाड्या टिकत नाहीत!

2021 मध्ये केंद्राने नियम केला, की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या आपल्या बुलेट एकेक करून त्या वयाला पोचताहेत. कागदावर त्यांना मान मिळेल, वेगळी नंबरप्लेट मिळेल. पण त्यांचा आवाज ओळखणारी माणसं कुठून मिळणार? आमच्या मेस्तच्या हाताखाली आज एकही पोरगा नाही. त्यांची स्वतःची मुलं नोकऱ्यांत आहेत, आणि बापाने त्यांना त्यासाठीच शिकवलं, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. मेस्तंकडे जे आहे ते कुठल्याच पुस्तकात उतरलेलं नाही. फिलर गेजचे आकडे पुस्तकात सापडतील, पण हा खडखडाट खड्यांचा की रॉडचा, हे कानाने कानाला द्यायचं असतं, बंदिशीसारखं. गाण्याच्या बाबतीत आपण ही परंपरा जपायच्या गप्पा तरी मारतो. पान्याच्या बाबतीत त्याही नाहीत, कारण हाताला ग्रीस लागलेल्या माणसाकडे विद्या असते हे आपल्या सुशिक्षित मनाला अजून पटत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी गाडी नुसती 'सोडून' येऊ नये. तिथे बसावं, विचारावं, ऐकावं. मेकॅनिकने निकाल दिला की कशावरून ते विचारावं. जो सांगेल त्याच्याकडे परत जावं, पैसे थोडे जास्त द्यावेत, आणि घरातल्या पोराला सोबत न्यावं. पोर पुढे मेकॅनिक होवो की कारकून, एखादी गोष्ट बिघडली म्हणजे आधी तिचं म्हणणं ऐकून घ्यायचं, ही सवय त्याला कुठेही उपयोगी पडेल.

मेस्त सांगतात तेच खरं: "पयलीं आयक, मागीर उगड."